ईएएचा पहिला डबा: घ्यायचा का, कोणता आणि कसा

गेल्या जूनमध्ये एक मुलगा जिममध्ये ईएएचा, म्हणजे अत्यावश्यक अमिनो आम्लांच्या पावडरीचा, डबा घेऊन आला. वय १९, वजन ५८ किलो, व्यायाम सुरू करून जेमतेम तीन आठवडे झालेले. "सर, हे अमिनो आणलंय. पाण्यात घालू का दुधात?" मी डबा हातात घेतला, मागची बाजू ट्यूबलाइटखाली धरली आणि त्याला विचारलं, "आज सकाळपासून काय काय खाल्लंस?" सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, जिमला येताना एक केळं. दिवसभरात जेमतेम १५ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली होती. डब्यासाठी मात्र त्याने दोन महिने पैसे साठवले होते.

असे बरेच जण दर वर्षी येतात. त्यांना दुकानदार माहिती देतो, मोबाईलवरचा व्हिडिओ माहिती देतो, पण कोणत्या क्रमाने काय करायचं हे कोणी सांगत नाही. तो क्रम मी इथे लिहितो आहे.

आधी हे नऊ जण कोण ते समजून घ्या

आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. त्यातली अकरा शरीर स्वतः तयार करू शकतं. उरलेली नऊ अन्नातूनच यावी लागतात: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, लायसिन, मेथिओनिन, फेनिलॲलानिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडिन. ही अत्यावश्यक अमिनो आम्लं, म्हणजेच डब्यावरचं ईएए.

यातलं थ्रिओनिन सगळ्यांत शेवटी सापडलं, १९३५ साली, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. विल्यम रोझ नावाचे शास्त्रज्ञ उंदरांना तोवर माहीत असलेल्या अमिनो आम्लांचं मिश्रण खायला घालत होते आणि उंदीर तरीही खंगत होते. दुधातलं प्रथिन दिलं की सुधारत होते. म्हणजे दुधात असं काहीतरी होतं जे मिश्रणात नव्हतं. ते थ्रिओनिन निघालं. पुढे १९४०च्या दशकात रोझ यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर तसेच प्रयोग केले. नुसता स्टार्च, साखर, लोणी आणि मोजून दिलेली अमिनो आम्लं. एखादं अत्यावश्यक अमिनो काढून घेतलं की दोन-चार दिवसांत भूक जायची, थकवा यायचा, चिडचिड व्हायची आणि शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडायला लागायचं. बाकी सगळी भरपूर असूनही.

एक कमी पडलं की बाकीची अडून बसतात, हे नीट डोक्यात बसलं की बीसीएए आणि ईएए यांतला फरक आपोआप कळतो. बीसीएए ही दुकानात मिळणारी दुसरी अमिनो पावडर. तिच्यात नवांपैकी फक्त तीनच असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. त्यातलं ल्युसिन खरोखर महत्त्वाचं आहे, कारण स्नायूतलं बांधकाम सुरू करण्याचा इशारा तेच देतं. पण मुकादमाने कितीही हाका मारल्या तरी साइटवर विटाच आल्या नसतील तर भिंत कशी उभी राहणार? मग शरीर त्या विटा जुन्या भिंतीतूनच काढतं. म्हणून मी नवख्या माणसाला नुसतं बीसीएए घ्यायला कधीच सांगत नाही. घ्यायचंच तर ईएए.

पायरी १: सात दिवस वही

डबा विकत घ्यायच्या आधी एक साधी वही घ्या. सात दिवस जे खाल ते लिहा, अंदाजे वजनासकट. घरात स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर खालचे आकडे धरून चालतील.

एक अंडं ६ ग्रॅम. पाव लिटर दूध ८ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीर साधारण १८ ग्रॅम. मूग, मटकी, हरभरा, चवळी यांपैकी कोणतंही कडधान्य कोरडं ५० ग्रॅम घेतलं तर त्याच्या उसळीतून ११ ग्रॅमच्या आसपास. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम. कोरडे सोयाचंक्स ५० ग्रॅम म्हणजे तब्बल २६ ग्रॅम. बिनहाडाचं शिजलेलं चिकन १०० ग्रॅम, तर २७ ते ३०. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ५ ग्रॅम.

आता लागतं किती? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली. हे निरोगी राहण्यापुरतं झालं. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर जास्त लागतं. २०१८ साली ४९ चाचण्या एकत्र करून जो अभ्यास झाला, त्यात सरासरीने दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर स्नायूवाढीत फारशी भर पडताना दिसली नाही. ५८ किलोच्या त्या मुलासाठी ०.८३ने ४८ ग्रॅम होतात आणि १.६ने ९३. मी त्याला पहिल्या महिन्यासाठी ७० सांगितले. पंधरावरून एकदम नव्वदवर उडी मारली तर पोट बिघडतं आणि चौथ्या दिवशी माणूस सगळंच सोडून देतो.

शाकाहारी घरांत मला नेहमी विचारतात, की डाळीत सगळी अमिनो नसतातच ना? नऊच्या नऊ असतात, पण प्रमाण कमी-जास्त असतं. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन कमी. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. भाकरी-पिठलं, वरण-भात, मटकीची उसळ आणि पोळी या जोड्या आपल्या ताटात आधीपासूनच आहेत. प्रश्न जोडीचा नसतो, मापाचा असतो. ताटात भात डोंगराएवढा आणि वरण दोन चमचे. तिथे वरण वाढवा, घट्ट करा, सोबत वाटीभर दही घ्या.

उपवासाचा दिवस वेगळा पाहा. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिनं नावालाच. आठवड्यातून दोन उपवास साबुदाण्यावर काढणाऱ्याची वही पाहिली की त्या दोन दिवसांचे रकाने रिकामे दिसतात. त्याऐवजी राजगिरा घ्या. धान्यांच्या मानाने त्यात लायसिन चांगलं असतं. सोबत दूध, दही, शेंगदाणे.

पायरी २: तुम्हाला ईएए खरंच लागतं का

इथे मी स्पष्ट बोलतो. पहिले तीन महिने बहुतेकांना लागत नाही. २०२४ च्या भारतीय आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये तर शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरकं टाळा असंच सांगितलं आहे. मी इतका कडक नाही, पण त्यामागचं कारण मला पटतं. जेवण सुधारून जे मिळतं ते डब्यातून मिळत नाही.

तरी काही जणांना त्याचा खरा उपयोग होतो. पहाटे साडेपाचला रिकाम्या पोटी व्यायाम करून लगेच कामाला पळणारे, ज्यांना त्या वेळी दूध किंवा अंडी जड जातात. वजनी गटात बसण्यासाठी जेवण कमी केलेले पैलवान आणि कबड्डीपटू, कारण कमी उष्मांकात अमिनो मिळतात. दूध न पचणारे. आणि साठीच्या पुढची माणसं. वय वाढतं तसा स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतो, त्याला जागं करायला ल्युसिन जास्त लागतं आणि भूक तर कमी झालेली असते. माझ्या मते ईएएची सगळ्यांत जास्त गरज असलेला गट हाच आहे आणि जिममध्ये त्यांच्याशी याबद्दल कोणी बोलतच नाही.

तुम्ही आधीच व्हे, म्हणजे दुधापासून बनलेली प्रथिन पावडर, घेत असाल, तर थांबा. व्हेच्या एका स्कूपमधल्या (स्कूप म्हणजे डब्यातलं मापाचं चमचं) २४ ग्रॅम प्रथिनांत साधारण ११ ग्रॅम अत्यावश्यक अमिनो आणि अडीच ग्रॅम ल्युसिन आधीच असतं. ईएएच्या एका स्कूपमध्येही जवळपास तेवढंच मिळतं. दोन्ही घेऊन दुप्पट स्नायू होत नाहीत.

पैशांचा हिशोब असा करा. डब्याची किंमत भागिले स्कूप, म्हणजे एका स्कूपची किंमत. ती भागिले स्कूपमधलं ईएए, म्हणजे एका ग्रॅमची किंमत. समजा डबा १८०० रुपयांचा, स्कूप ३०, प्रत्येकात ८ ग्रॅम ईएए. एका ग्रॅमला साडेसात रुपये पडले. तीन अंड्यांत साडेआठ ग्रॅमच्या आसपास अत्यावश्यक अमिनो असतात. अंडं ७ रुपयांना धरलं तर ग्रॅमला अडीच रुपये. तुमच्या गावचा भाव टाकून हा भागाकार स्वतः करा, कागदावर.

पायरी ३: आधी डॉक्टरांना विचारायचं अशांनी

मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर स्वतःच्या मनाने सुरू करू नका. नैराश्यावर गोळ्या चालू असतील तर ट्रिप्टोफॅनमुळे गुंतागुंत होऊ शकते. पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या औषधाच्या शोषणात अमिनो आम्लं आडवी येतात. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना फेनिलॲलानिन चालतच नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलांना मी देत नाही, पालक कितीही म्हणाले तरी. त्यांना दूध, अंडी, उसळी आणि झोप द्या.

पायरी ४: डब्याची मागची बाजू

पुढच्या बाजूवर काय छापलंय ते विसरा. डबा उलटा करा. नऊ नावं आहेत का आणि प्रत्येकापुढे मिलिग्रॅमचा आकडा आहे का, हे पहिलं पाहा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असं लिहून नुसती बेरीज दिली असेल तर डबा परत फडताळात ठेवा. काय किती आहे ते सांगायची ज्याची तयारी नाही, त्याला पैसे द्यायचे कशाला?

मग आकडे वाचा. आपल्याकडच्या लेबलवर बहुधा दोन रकाने असतात, दर १०० ग्रॅममागे आणि दर स्कूपमागे. घाईत शंभराचा रकाना वाचला की सगळंच भरघोस दिसतं. स्कूपचाच वाचा.

त्या मुलाच्या डब्यावर ल्युसिन ३००० मिलिग्रॅम होतं, आयसोल्युसिन १५००, व्हॅलिन १५००. इथपर्यंत छान. पुढे लायसिन ३००, थ्रिओनिन १५०, बाकीची त्याहून कमी. म्हणजे हा मुळात बीसीएएचाच डबा, वरून इतर सहा अमिनो कोथिंबिरीसारखी भुरभुरलेली. पुढे मात्र मोठ्या अक्षरांत 'नऊ अत्यावश्यक अमिनो'. खोटं काहीच लिहिलं नव्हतं, तरी मुलगा फसला होता.

प्रमाण कसं ओळखायचं? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाची रोजची किमान गरज सांगितली आहे: दर किलो वजनामागे ल्युसिन ३९ मिलिग्रॅम, लायसिन ३०, थ्रिओनिन १५, ट्रिप्टोफॅन ४. म्हणजे लायसिन ही ल्युसिनच्या खालोखालची मोठी गरज आहे. पूरकात ल्युसिन मुद्दाम जास्त ठेवतात, ते योग्यच. पण ल्युसिन ३ ग्रॅमच्या आसपास असेल तर लायसिन १ ते दीड ग्रॅम तरी दिसायला हवं आणि थ्रिओनिन अर्ध्या ग्रॅमच्या वर. ट्रिप्टोफॅनचा आकडा छोटा दिसला म्हणून घाबरू नका, त्याची गरजच थोडी असते. एका स्कूपमध्ये एकूण ईएए ८ ते १० ग्रॅम असेल तर पुरे. स्कूपचं वजन आणि ईएएचं वजन एक नसतं हेही लक्षात ठेवा. १५ ग्रॅमच्या स्कूपमध्ये ८ ग्रॅम ईएए असेल तर उरलेले ७ ग्रॅम म्हणजे स्वाद, सायट्रिक ॲसिड, गोडी आणणारे पदार्थ, टॉरिन, क्षार. कॅफिन घातलंय का तेही बघा. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांची झोप त्यानेच उडते आणि दोष व्यायामाला लागतो.

त्यानंतर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी परवाना क्रमांक. हा नुसता आहे की नाही एवढं पाहून थांबू नका. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकून कोणाच्या नावावर आहे ते तपासा. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल हवं. बॅच क्रमांक खरवडलेला, झाकणाखालचं सील चुरगळलेलं, एक्स्पायरीवर दुसरा स्टिकर चिकटवलेला, असा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. शाकाहारींनी हिरवं चिन्ह पाहावं. काही अमिनो आम्लं पिसं-केसांपासूनही काढतात. पण आता साखर किंवा मक्यापासून आंबवण्याच्या पद्धतीने बनवलेली सहज मिळतात.

एवढी काळजी का? २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पूरकांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा प्रत्यक्षाशी जुळला नाही. तो अभ्यास प्रथिन पावडरींचा होता, पण बाजार तोच आणि दुकानंही तीच.

राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांना आणखी एक सांगतो. उत्तेजक चाचणीत तुमच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमचीच असते. डब्यात भेसळ होती, मला माहीत नव्हतं, या सबबीने तुम्ही आपोआप सुटत नाही. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखी, बॅच तपासणारी खूण असलेलाच माल घ्या आणि तो बॅच क्रमांक फोटो काढून ठेवा.

पायरी ५: घ्यायचं कसं

पाण्यातच. दुधात नाही. बहुतेक ईएएमध्ये आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड असतं, दूध फाटतं. शिवाय दूध घ्यायचंच असेल तर त्यात स्वतःची प्रथिनं आहेतच.

शेकरमध्ये आधी ४०० मिली गार पाणी घाला, मग पावडर. उलट केलं तर तळाला गोळे चिकटतात. अर्धा मिनिट हलवून झाकण उघडाल तेव्हा वर फेस आणि त्यावर पांढरी भुकटी तरंगताना दिसेल. डबा नकली आहे असं वाटून पुष्कळ जण घाबरतात. ते ल्युसिन असतं, पाण्यात सहज विरघळत नाही. दोन मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा, आणि पिताना मध्येमध्ये हलवत राहा. शेवटचा घोट ओतून देऊ नका, तळाशी ल्युसिन बसलेलं असतं. थोडं पाणी घालून तेही प्या.

चव कडू लागते. बिनस्वादाचं ईएए तर फारच कडू. त्यात लिंबू पिळा किंवा कोकमाचं आगळ घाला, मीठ चवीपुरतं. पहिले दहा-बारा दिवस अर्धाच स्कूप घ्या. रिकाम्या पोटी घट्ट मिश्रण एका दमात प्यायलं की मळमळतं, कधी जुलाब होतात. पाणी वाढवा आणि वीस मिनिटांत घोट घोट संपवा.

वेळेचा बाऊ करू नका. व्यायामाआधी अर्धा तास, व्यायाम चालू असताना किंवा संपल्यावर लगेच, यांपैकी जे जमेल ते. चांगल्या व्यायामानंतर स्नायू चोवीस तास तरी बांधकामाच्या तयारीत असतो. तासाभरात मटकीची उसळ आणि दही असं भरपेट जेवणार असाल तर त्या दिवशी स्कूप नको. व्यायाम नसलेल्या दिवशी घ्यायचंच तर ज्या जेवणात प्रथिनं कमी आहेत त्याच्यासोबत घ्या. दिवसाला एक स्कूप पुरतो. पावसाळ्यात डबा घट्ट बंद करा, आतली सिलिकाची पुडी फेकू नका, ओला चमचा घालू नका. कोकणात तर आठवड्यात दगड होतो.

पायरी ६: बारा आठवडे मोजा

सुरू करण्याआधी त्याच वहीत वजन, दंडाचा आणि मांडीचा घेर आणि तीन व्यायामांतली उचल लिहा: बैठक, बेंच प्रेस, रोइंग. दर रविवारी सकाळी वजन, महिन्यातून एकदा घेर. या काळात दुसरी नवी गोष्ट सुरू करू नका. ईएए, क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ते दुसरं पूरक) आणि नवा व्यायाम एकाच आठवड्यात सुरू केला तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही. क्रिएटिनमागे पुरावा जास्त भक्कम आहे, पण तो वेगळा विषय.

बारा आठवड्यांत उचल वाढली नाही तर आधी झोप बघा, मग एकूण जेवण, मग व्यायामाचा आराखडा. डबा सगळ्यांत शेवटी. आणि उचल वाढली तर एक महिना ईएए बंद करून बघा. तरीही वाढतच राहिली तर पुढचा डबा घेऊ नका.

त्या मुलाचा डबा आम्ही दीड महिना कपाटात ठेवला. त्याच्या आईने जेवणाच्या डब्यात पोळीबरोबर रोज उसळ द्यायला सुरुवात केली, रात्री सोयाचंक्सचा रस्सा, सकाळी दूध. आता आठवड्यातून तीन दिवस पहाटेच्या व्यायामाआधी तो अर्धा स्कूप घेतो, कारण त्या दिवशी सातच्या एसटीने कॉलेजला जायचं असतं आणि खायला वेळ मिळत नाही. लायसिन कमी असलेला तोच डबा आहे. घेतलाय तर संपवू म्हणालो, पण तासाभरात एसटीत दोन उकडलेली अंडी खायची या अटीवर. काल वहीत त्याने लिहिलंय: वजन ६१.५, बैठक ५० किलो, ३ सेट, ८ रेप. प्रथिनं ८१.